‘दाखवून देईन!’



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांला घरी बोलावले. निमित्त प्रार्थनेचे होते. चहा झाल्यावर तिने आम्हांला आतल्या खोलीत नेले, दार लोटले आणि दाराची मागची बाजू दाखवली. तिथे खडूने तीन नावे लिहिलेली होती. तिचा मुलगा दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतो आहे. पहिल्या वेळी धावण्यात थोडक्यासाठी राहिला, तेव्हा पारावर बसून ज्या तिघांनी त्याच्या धापा टाकण्याची नक्कल केली, त्यांची ती नावे. पोरगा पहाटे उठतो, आधी ती नावे वाचतो आणि मग बूट घालतो.

“फादर, तुमीच सांगा त्याले,” ती म्हणाली. “घरात असं वैर लिवून ठेवलं त मले धडधड होते. मी पुसाले गेली त माह्यावरच ओरडला.”

(हे सर्व आम्ही मायलेकांच्या परवानगीने लिहीत आहोत. गाव लहान आहे. हे कोणाचे घर याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.)

आम्ही तिला म्हणालो, “ताई, नावं राहू द्या. पुसू नका.” तिला आश्चर्य वाटले. फादर लगेच क्षमेविषयी बोलतील, अशी तिची अपेक्षा असावी. आम्ही तसे का म्हणालो, आणि म्हटल्यावर घरी परतताना आमच्याही मनात काय काय आले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

२०१६ चा उन्हाळा आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेच वर्ष. त्या उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडातील एक बातमी देशभर गाजली. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात कळंबेश्वर नावाचे गाव आहे. १९९८ साली वाशीम वेगळा होईपर्यंत तो सारा भाग अकोला जिल्ह्यातच होता. तेथील बापुराव ताजणे या दलित मजुराच्या पत्नीला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारले गेले आणि वर अपमान झाला. ताजणे यांनी मालेगावहून अवजारे आणली आणि त्याच दिवशी खोदायला सुरुवात केली. मजुरी सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून कामावर जाण्याआधी चार तास आणि परतल्यावर दोन तास, असे रोज सहा तास ते एकटे खोदत राहिले. कोणा जाणकाराला जागा दाखवलेली नव्हती. आसपासच्या विहिरी आटलेल्या होत्या. शेजारी हसत होते, घरच्यांनाही ते वेड वाटत होते. चाळीस दिवसांत पाणी लागले.

आता सांगा, पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून आम्ही जर म्हणालो असतो, “भाऊ, राग मनात ठेवू नये,” तर ते बोलणे कोणाच्या सोयीचे झाले असते? विहिरीच्या मालकाच्या! क्षमेचा उपदेश आपल्याकडे बहुधा ज्याचा अपमान झाला त्यालाच केला जातो. ज्याने अपमान केला तो त्या प्रवचनाला हजरही नसतो. आम्ही धर्मगुरूही या दोषातून सुटलेलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात रागाविषयी जे लिहिले आहे, ते वाचून पुष्कळांना नवल वाटते. राग म्हणजे सरसकट पाप, असे ते म्हणत नाहीत. आपल्यावर अन्याय झाला असे वाटते तेव्हा राग उठतो. त्याच्या पोटात न्यायाची मागणी असते आणि विवेकाच्या ताब्यात असेल तोवर तो चांगलाही असू शकतो. द्वेष मात्र वेगळा. झालेल्या अन्यायाची भरपाई झाली की राग थांबतो, द्वेषाला असे माप नसते. त्यांच्या पुष्कळ आधी ॲरिस्टॉटलनेही हा भेद केला होता. राग एखाद्या माणसावर असतो, द्वेष मात्र संपूर्ण वर्गाचाही करता येतो. आणि काळ गेला की राग ओसरतो, द्वेष ओसरत नाही.

पण त्या दारामागची नावे वाचताना आम्हांला वाटले की आपण जिला ‘खुन्नस’ म्हणतो ती या दोन्ही खणांत नीट बसत नाही. खुन्नस धरणाऱ्याला भरपाई नको असते, आणि समोरच्याचे वाईट व्हावे एवढ्यानेही त्याचे भागत नाही. त्याला समोरच्याचा चेहरा हवा असतो. आपण वर्दी घालून पारावरून जावे, त्या तिघांनी पाहावे आणि त्यांची तोंडे उतरावीत! म्हणजे धावायचे आपण, घाम आपला, आणि ते सारे सार्थकी लागले की नाही हे ठरणार त्यांच्या तोंडावरून. ज्या माणसाची किंमत आपण शून्य मानतो, त्याच्याच खिशात आपल्या आनंदाची किल्ली देऊन ठेवायची, असा हा विचित्र व्यवहार आहे.

आम्ही हे पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही सेमिनरीत गेलो तेव्हा आमची बोली अस्सल वऱ्हाडी होती आणि इंग्रजी तर विचारूच नका. वरच्या वर्गातील एक ब्रदर जेवणाच्या टेबलावर आमची हुबेहूब नक्कल करीत आणि म्हणत, “हा लॉजिकच्या पहिल्याच पेपरला घरी जाईल.” आम्ही मनात म्हणालो, दाखवून देईन! वर्षभर रात्री जागून तर्कशास्त्र घोकले. बार्बारा, सेलारेंट ही लॅटिन सूत्रे झोपेतही म्हणत होतो. निकाल लागला, आमचे नाव सर्वांत वर होते. आम्ही फलकापाशी तासभर रेंगाळत राहिलो, कारण ते ब्रदर अजून आले नव्हते. शेवटी आले. यादी वाचली, “अरे वा, छान!” म्हणाले आणि आज जेवणात खीर आहे का, असे विचारून निघून गेले. आपण काय बोललो होतो हे त्यांना आठवतही नव्हते.

खीर होती. आम्ही खाल्ली नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. ते तर्कशास्त्राचे पुस्तक आम्ही त्या दिवसानंतर क्वचितच उघडले. सूत्रे आज अर्धीही आठवत नाहीत. उलट नीतिशास्त्र आम्ही एका वृद्ध प्राध्यापकांकडे रमतगमत शिकलो, गुणही बेताचेच मिळाले; पण आजही कोणी घरातला तंटा घेऊन आमच्याकडे येतो तेव्हा त्यांचाच एखादा प्रश्न मदतीला धावून येतो.

आपण भातकुलीकर ही गोष्ट शेताच्या भाषेत लवकर समजू शकू. आपला हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी नाही अशी आपली तक्रार कधीच नव्हती, पाणी आहे पण खारे आहे. तहानेच्या भरात एखादा शेतकरी ते पिकाला देतो. वाळलेल्या पिकाला ओल मिळते, दोन दिवस हिरवे दिसते. हे खोटे नाही. पण तेच पाणी देत राहिले की जमीन चोपण होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते, वर पांढरे मीठ फुटते आणि पुढच्या वर्षी पावसाचे गोडे पाणीसुद्धा नीट मुरत नाही. खुन्नसही अशीच आहे. ती कामाची नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रश्न एवढाच की किती पाळ्या द्यायच्या?

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचे उदाहरण तरुण मंडळींना ठाऊक असेल. सहा वेळा अजिंक्यपद मिळवलेला हा खेळाडू. २००९ साली त्यांना त्या खेळातील सर्वोच्च सन्मान मिळाला. त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी आपल्याला कमी लेखणाऱ्यांचा एकेक करून उल्लेख केला. शाळेच्या मुख्य संघात ज्या मुलाची निवड त्यांच्याऐवजी झाली होती, त्यालाही समारंभाला मुद्दाम बोलावले होते. तीस वर्षे उलटली होती! पुढे २०२० साली त्यांच्यावरील माहितीपट आला, त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. एका प्रतिस्पर्ध्याने सामना संपल्यावर आपल्याला टोमणा मारला, असे सांगून ते एकदा दुसऱ्या सामन्यात त्वेषाने खेळले होते. तो टोमणा कोणी मारलाच नव्हता. तो त्यांनी स्वतःच रचला होता. खऱ्या शत्रूंचा साठा संपला की खुन्नसीला नवे शत्रू घडवावे लागतात. जॉर्डन यांचे खेळातले मोठेपण आम्ही नाकारत नाही. आम्हांला फक्त त्या समारंभाच्या रात्रीची कीव आली.

आता आपल्या मराठी मुलुखातील आनंदीबाई जोशी आठवा. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी. कमी वयात लग्न, कोवळ्या वयात मातृत्व, आणि दहा दिवसांचे बाळ वैद्यकीय मदतीअभावी गेले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे तिने इंग्रजीत भाषण केले. वय अठराही पूर्ण नव्हते. पुस्तके घेऊन जाताना लोक भोवती जमून कसे हसतात, चांगल्या घरचे म्हणवणारे ओसरीवर बसून खडे कसे मारतात, हे तिने सभेत उघडपणे सांगितले. (आपण ख्रिस्ती लोकांनी येथे फार ताठ बसू नये. तिच्या पतीने तिच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली, तेव्हा उत्तरादाखल धर्मांतराची अपेक्षा पुढे आली होती.) पण अमेरिकेला का जायचे, याची कारणे तिने दिली तेव्हा त्या खडे मारणाऱ्यांना ‘दाखवून देणे’ हे कारण त्यांत नव्हते. या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी आहे आणि ती मिळत नाही, हे कारण होते. हसणाऱ्या सगळ्यांना त्या भाषणातून वजा करा, तरी ते भाषण उभे राहते. १८८६ साली तिने फिलाडेल्फियात एम. डी. पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पूर्ण न करता, पुण्यात तिचा अंत झाला. रुग्णसेवेला सुरुवातही करता आली नाही. हसणाऱ्यांची तोंडे बंद करणे हाच हेतू धरला, तर तिचे आयुष्य हरलेच म्हणायचे! तसे कोणी म्हणेल का?

आणि येथे आम्ही पुन्हा कळंबेश्वरच्या विहिरीकडे येतो, कारण त्या बातमीचा अर्धा भाग आम्ही मघाशी सांगितला नाही. पाणी लागल्यावर पत्रकार आले. त्यांनी साहजिकच विचारले, अपमान करणारा तो विहीरमालक कोण? ताजणे यांनी नाव सांगितले नाही. गावात भांडण नको, असे त्यांचे म्हणणे होते. आणि विहिरीचे पाणी त्यांच्या घरापुरते राहिले नाही. वस्तीतील इतर दलित कुटुंबेही ते भरू लागली, त्यांना दुसऱ्यांच्या विहिरीवर जाण्याची गरज उरली नाही. खोदणे सुरू झाले ते अपमानाच्या आगीने, यात शंका नाही. पण चाळीस दिवसांत केव्हातरी खोदण्याचे कारण बदलले असले पाहिजे. नाहीतर पत्रकारासमोर ते नाव तोंडातून निघाल्याशिवाय कसे राहिले असते?

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची कथा येते, ती या दृष्टीने घरी जरूर वाचा. पलिष्टी लोकांनी त्याच्या वडिलांच्या विहिरी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने नवी विहीर खणली, तिच्यावरून तंटा झाला. त्याने तिला ‘भांडण’ या अर्थाचे नाव दिले. दुसरी खणली, पुन्हा तंटा. तिचे नाव ‘वैर’. म्हणजे आपल्या मुलाने जे दारामागे लिहिले तेच इसहाकाने विहिरींवर लिहिले. पवित्र शास्त्राने ती नावे पुसलेली नाहीत. पण इसहाक तिथे मुक्काम ठोकून राहिला नाही. तो पुढे गेला, तिसरी विहीर खणली आणि तिला नाव दिले रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. पुढे पलिष्ट्यांचा राजा स्वतः भेटीला आला तेव्हा इसहाकाने आधी त्याला विचारले, माझा द्वेष करता आणि आता कशाला आलात? एवढे बोलून घेतले आणि मग त्याला जेवू घातले. तो प्रश्न आधी विचारला, हे आम्हांला फार आवडते.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर तो मुलगा सायकल धरून फाटकापाशी थांबला होता. तिघांपैकी एक त्याचा चुलतभाऊ निघाला. पुढच्या महिन्यात त्याचे लग्न आहे आणि पत्रिका घरी आली आहे.

“फादर, मले जा लागन का त्याच्या लग्नाले?”

आम्ही ताबडतोब उत्तर दिले नाही. आम्ही त्याला विचारले, “समज, त्यानं उद्या येऊन तुझी माफी मागितली. तर परवा पहाटे तू धावशील का?”

तो बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, “पयले चार दिवस नाई धावणार, फादर. मंग धावीन.”