श्रेणी नसलेल्या कामाचा किमान दर

दादरा-नगर हवेलीतल्या सुरंगीसारख्या गावात विमा पोचतो तो कुणाच्या तरी पायपिटीमुळे. घरोघर जाऊन योजना समजावणे, आधार कार्डावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते पाहणे, वारसाचे नाव नोंदवून घेणे, हप्ता थकला की आठवण करणे आणि घरचा कर्ता माणूस गेला की मृत्यूचा दाखला व मूळ पॉलिसी जोडून दावा दाखल करायला मदत करणे, ही सगळी कामे एकच व्यक्ती करते. समोरचा कधी वारली बोलतो, कधी गुजराती, कधी सिल्वासाच्या कारखान्यात आलेला परप्रांतीय असतो. या कामात लिपिकाचा नेमकेपणा लागतो, विक्रेत्याची चिकाटी लागते आणि दुभाष्याचे कसबही लागते. तरीही विमा उद्योगाच्या वेतनश्रेणीत त्याला पायरी नाही. किमान वेतनाचा वाद आपण रुपयांच्या आकड्यावर घालतो. पण कामाला श्रेणीच नसेल, तर त्याचा किमान दर ठरणार कशाच्या आधारावर?

कार्यालयाच्या आतला इतिहास श्रेणीचे मोल दाखवतो. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला 245 कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था एकत्र येऊन आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. अधिकारी वर्ग 1 मध्ये, विकास अधिकारी वर्ग 2 मध्ये, लिपिक-सहायक वर्ग 3 मध्ये, शिपाई वर्ग 4 मध्ये अशी मांडणी रूढ झाली. तिच्या जोरावर 1951 साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना वाटाघाटी करू शकली. 1974 च्या करारातला बोनस 1976 च्या कायद्याने रोखला, तेव्हा 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्ग 3 आणि 4 च्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. अलीकडे, मार्च 2024 मध्ये मंजूर झालेली 17 टक्के वेतनवाढ 1 ऑगस्ट 2022 पासून लागू झाली आणि तिचा लाभ एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना मिळाला. ज्याची श्रेणी ठरलेली असते, त्याला मागणी करता येते, करार करता येतो आणि करार मोडला तर न्यायालयात जाता येते.

आता दाराबाहेरचे चित्र पाहा. 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाची ‘विमा सखी’ योजना सुरू झाली. दहावी उत्तीर्ण महिलेला पहिल्या वर्षी दरमहा 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000 आणि तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये मानधन, शिवाय कमिशन. ग्रामीण स्त्रीला कमाईची वाट देणारी ही योजना आहे आणि त्याबद्दल तिचे स्वागतच करावे. पण हे मानधन ठरावीक विक्री केली तरच मिळते, दरवर्षी घटते आणि ही नेमणूक पगारी नोकरी मानली जाणार नाही, असे योजनेतच म्हटले आहे. केंद्राने 1 ऑक्टोबर 2024 पासून मोठ्या शहरांच्या ‘अ’ क्षेत्रात अकुशल कामाला रोज 783 आणि कुशल व लिपिकी कामाला 954 रुपये दर ठरवला. सुरंगीला हा शहरी दर लागू होणार नाही, हे मान्य. तरी लिपिकी काम कुशल कामाच्या रांगेत बसते, हे सरकारनेच ठरवलेले आहे. मग प्रस्ताव-अर्ज भरणारे, कागद तपासणारे हात त्या रांगेबाहेर का राहावेत?

कायदाही इथे अडखळत आला आहे. विकास अधिकारी हा ‘कामगार’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये म्हटले. 1994 मध्ये औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींच्या खटल्यात घटनापीठाने तो आधार काढून घेतला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने दोन उपयुक्त गोष्टी दिल्या आहेत. किमान दर ठरवताना कौशल्याच्या पायऱ्या पाहायच्या आणि कमिशन सर्वसाधारणपणे वेतनात धरायचे नाही. म्हणजे ज्याला कर्मचारी मानले जाते, त्याचा किमान दर विक्रीच्या नशिबावर टांगता येणार नाही. विमा कंपन्यांबाबत हा अधिकार केंद्राकडे आहे. राहिले ते दार उघडणे: जो एकाच कंपनीसाठी, तिने आखलेल्या लक्ष्यानुसार काम करतो, त्याला श्रेणी द्यावी. प्रशिक्षणार्थी, स्वतंत्रपणे ग्राहकसेवा करणारा आणि इतरांना शिकवणारा, अशा तीन पायऱ्या पुरेशा आहेत. ऑस्ट्रेलियात बँकिंग, वित्त आणि विमा क्षेत्रासाठी एकच वेतननिवाडा सहा पायऱ्या आखून देतो. त्यामुळे तिथला विमाधंदा बुडालेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, प्रतिनिधी स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याला बांधू नका. जो अनेक कंपन्यांचा विमा विकतो आणि आपला वेळ आपण ठरवतो, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. त्याने खुशाल स्वतंत्र राहावे. लक्ष्य कंपनीचे आणि जोखीम मात्र विक्रेत्याची, अशा नात्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप हा की, ठरावीक पैसे मिळाले तर कुणी धावपळ करणार नाही. पण किमान दर म्हणजे कमिशनची बंदी नव्हे. कमिशन त्याच्यावर राहीलच. उलट, चूल पेटणे पहिल्या वर्षीच्या कमिशनवर अवलंबून असले की न परवडणारी पॉलिसी गळ्यात मारण्याचा मोह होतो, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडते आणि नुकसान गरीब ग्राहकाचे होते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: खर्च वाढला तर हप्ता वाढेल आणि कंपन्या आडगावातून पाय काढतील. म्हणून दर भौगोलिक क्षेत्रानुसार आणि टप्प्याटप्प्याने ठरवावा. पण हप्ता स्वस्त ठेवण्याचा भार सगळ्यात कमी कमावणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही.

विमा म्हणजे एकाचे संकट अनेकांनी वाटून घेणे. या तत्त्वावर चालणाऱ्या उद्योगाने उत्पन्नाची सगळी अनिश्चितता आपल्या शेवटच्या माणसावर सोडावी, हे तत्त्वाशीच विसंगत आहे. केंद्राने वेतन संहितेखाली विमा क्षेत्रासाठी वर्गीकरण जाहीर करताना मुंबईच्या मुख्यालयापासून नव्हे, तर सुरंगीतल्या विक्रेत्यापासून मोजणी सुरू करावी. वरच्या श्रेणींना आवाज आहे. श्रेणीची खरी गरज तळाला आहे.