उन्हाळा, पत्र्याचे छप्पर आणि मन

नागपुरात छिंदवाडा रोडवरच्या एका चौकाला जुनी माणसे अजून पागलखाना चौकच म्हणतात. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचे, आजही 940 खाटांचे. त्याच्या सहा वर्षे आधी, 1858 मध्ये, इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला होता. त्या कायद्याचा भर बरे करण्यापेक्षा ताब्यात ठेवण्यावर होता. त्याच दशकात अमेरिकेत थॉमस कर्कब्राइड हे डॉक्टर मनोरुग्णालयाला किती उजेड हवा, किती मोकळी हवा, भोवती किती जमीन हवी, यावर पुस्तक लिहीत होते. वास्तू हीच औषध आहे, असा त्यांचा विश्वास होता. तो भाबडा ठरला, कारण तशा वास्तूंतही पुढे गर्दी कोंबली गेली. पण मूळ विचार खोटा नव्हता. 1984 मध्ये संशोधक रॉजर उल्रिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची तुलना केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आपल्याकडे मात्र मनाला बरे करणारा परिसर म्हटले की बागा आणि तलावच आठवतात. नागपूरला ते थोडेफार लाभलेही आहेत. पण मे महिन्यात या शहरात मनावर सर्वांत जास्त राज्य करते ते ऊन. 2013 च्या मेमध्ये इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. मेअखेरच्या नवतपात पत्र्याच्या घरात रात्रीही भट्टी शमत नाही, लाइट गेली की कुलर बंद, आणि झोप उडते. ज्याला उन्माद आणि नैराश्याचा आलटून पालटून त्रास आहे, त्याच्यासाठी अशी लागोपाठची जागरणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. त्यांतून उन्मादाचा झटका येऊ शकतो.

याहून गंभीर गोष्ट औषधांची आहे. याच आजारावरचे लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे कमी झाले, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. स्किझोफ्रेनियावरची अनेक औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्तीच कमी करतात. म्हणजे तीच गोळी, तोच डोस, पण सिमेंटच्या गार घरात एक गोष्ट आणि पत्र्याखाली दुसरी. मग राहते घर हा उपचाराचा भाग नाही, असे कसे म्हणता येईल?

विदर्भात शेतही याच परिसरात येते. संशोधक टॅमा कार्लटन यांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार पिकाच्या हंगामात तापमान 20 अंशांच्या वर असताना एका दिवसात एक अंश वाढले, तर देशात सरासरी 67 आत्महत्या वाढतात. बिगरहंगामात तसे दिसत नाही. म्हणून पीक बुडणे हेच कारण असावे, असे त्यांचे म्हणणे. खचलेल्या शेतकऱ्याला समुपदेशनाबरोबर पाणी आणि पिकाला भाव हवा, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला सुरक्षित, स्वच्छ जागेचा आणि खासगीपणाचा हक्क दिला. तो हक्क रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबतो. म्हणून फाटकाबाहेरच्यांसाठी महापालिकेने उष्माघाताच्या आराखड्यात मनोरुग्णांची स्वतंत्र दखल घ्यावी आणि वस्त्यांतली पत्र्याची छपरे पांढऱ्या रंगाने रंगवून द्यावीत. घरात कुणी ही औषधे घेत असेल, तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा: उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, पाणी किती प्यायचे? गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.