शब्दाचा अपराध

एखादा पुरुष भेकडपणाने वागला की त्यास ‘हिजडा’ म्हणावयाचे, हा आपल्या भाषेतील जुना रिवाज आहे. आणि तो बाजारातच पाळला जातो असे नव्हे, सभ्य म्हणविणाऱ्या घरांतही पाळला जातो. बोलणाऱ्याचा रोख त्या भेकडावर असतो. परंतु ज्यांच्या नावाचीच शिवी झाली, त्यांनी ती ऐकून काय करावे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तृतीयपंथी, समलिंगी आणि स्त्रीपुरुषांच्या ठरीव चौकटीत न बसणारी इतर माणसे यांच्याविरुद्ध होणारे द्वेषमूलक गुन्हे व द्वेषयुक्त भाषण यांस कायद्याने आवर घालावा काय, असा प्रश्न आज विचारला जातो. मला वाटते, त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडविला पाहिजे. शब्द हा अपराध केव्हा ठरतो?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या न्यायालयात पूर्वीच मिळालेले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या खाजगी शंकांस उत्तरे देत. समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही त्यांत असत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरीही कर्व्यांस दंड झाला. त्या उत्तरांमुळे कोणावर दगड पडला नव्हता. काही सज्जनांच्या अभिरुचीस धक्का बसला, एवढाच काय तो अपराध.

दुसरे उदाहरण आम्हा सोलापूरकरांस अधिक जवळचे आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा एक भाग तृतीयपंथीयांविषयी होता. संशयितांची नोंदवही ठेवावी आणि नोंद झालेला इसम स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास त्यास पकडावे, अशी त्यात तरतूद होती. याच कायद्याच्या परंपरेतून पुढे सोलापुरास कुंपणाची वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या वस्तीस अद्याप चिकटलेले आहे. स्वातंत्र्यानंतर कायदा गेला, कुंपणही गेले. संशय मात्र गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास भटक्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांस जमावाने ठार केले. त्यांतील बहुतेक आमच्याच मंगळवेढे तालुक्यातील. मुले पळविणारी टोळी आली आहे, एवढीच अफवा त्यास पुरली. तसल्याच अफवेने त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादेत एका तृतीयपंथी व्यक्तीचा बळी घेतला होता.

‘मुले पळवितात’ या वाक्यात एकही अश्लील शब्द नाही. ते कोणत्याही अभिरुचीस रुचेल असे आहे. आणि तरीही त्याने माणसे मारली. तेव्हा शब्दाचे माप ऐकणाऱ्याच्या अभिरुचीवरून घेऊ नये. ज्याच्याविषयी तो उच्चारला, त्यास उद्या निर्भयपणे रस्त्याने जाता येईल की नाही, यावरून घ्यावे.

या मापाने आपले कायदे पाहिले तर काय दिसते? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१९ साली तृतीयपंथीयांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु त्यात वाचिक छळ व लैंगिक अत्याचार एकाच कलमात घालून दोहोंस सहा महिने ते दोन वर्षे अशी शिक्षा ठेविली गेली. स्त्रीवरील बलात्कारास त्या वेळी किमान दहा वर्षांची शिक्षा होती. शिवी आणि बलात्कार एकाच ताजव्यात तोलणे म्हणजे शिवीस जड करणे नव्हे, बलात्कारास हलके करणे होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत समाजांमध्ये वैर पसरविण्याविरुद्धचे कलम धर्म, वंश, भाषा, जात यांची नावे घेते. या मंडळींनी मात्र ‘इतर कोणत्याही कारणा’च्या वळचणीस उभे राहावे लागते.

येथे कोणी म्हणेल, की मग मतस्वातंत्र्याचे काय? आक्षेप खरा आहे, आणि कर्व्यांचा खटला हाच त्याचा पुरावा आहे. सत्तेच्या हाती दिलेले शस्त्र पुष्कळदा सुधारकाच्याच मानेवर पडते. म्हणून ज्यास हे संबंध अधर्म वाटतात, त्यास तसे म्हणू द्यावे आणि त्याचे उत्तर युक्तिवादाने द्यावे. शिक्षा असावी ती धमकीस, चिथावणीस आणि जमाव गोळा करणाऱ्या खोट्या आरोपास. पोलिसांस या विषयाचे शिक्षण द्यावे, असे न्यायालयाने २०१८ सालीच सांगितले आहे. फिर्याद हसण्यावारी न नेता लिहून घेतली गेली, तरी निम्मे धोरण साधले.

राहिले उरलेले निम्मे. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात हळुवार चालीचा एक मुलगा होता. मुलांनी त्यास एक नाव ठेविले होते. हजेरीच्या वेळी ते कोणी पुटपुटले, वर्ग हसला, आणि मीही हसलो. कोणत्याही कलमाने मला दोषी धरले नसते. काही दिवसांनी तो यावयाचा बंद झाला. पटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा मी रोज करीत राहिलो. तो का येत नाही, हे मात्र कोणास विचारले नाही.