पाया कुणाचा?

सावकाश बसा. श्वास आपल्या गतीनं चालू द्या. मनानं इंग्लंडमधल्या कोलचेस्टरला चला आणि आजच्या रस्त्याखालच्या मातीत उतरा.

समोर खाली निमुळता होत गेलेला खंदक आहे. इ.स. 43 मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसचं सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं. त्यातल्या विसाव्या लीजननं, म्हणजे सैन्यदलानं, इथं तळ ठोकला, त्याचा हा खंदक. आतल्या बाजूला बराकींचे पाये, सरळ रांगेत. इथलं रोमन गाव सैनिकांच्या या तळातूनच वाढलं.

आता खंदकातली माती नीट पाहा. पावसापाण्यानं आलेला हा गाळ नव्हे. ही मुद्दाम टाकलेली भर आहे. इ.स. 49 मध्ये इथं निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. काही बराकींचीच घरं झाली आणि खंदक बुजवला गेला. इथं थोडं थांबा. फावडं चालवणाऱ्याला आता कशाचंच भय उरलं नसेल का?

तिथून थेम्सकाठी, लंडनला या. इथं अशी रेखीव छावणी सुरुवातीला दिसत नाही. एका गटाराचं लाकूड इ.स. 47-48 च्या सुमाराचं आहे. वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात मेणाच्या थरावर लिहायच्या लाकडी पाट्या टिकल्या. त्यांवरचं मेण गेलं, पण लाकडावर उमटलेले ओरखडे राहिले. त्यातल्या एका पाटीवर तारीख आहे 8 जानेवारी 57. टिबुलस नावाचा माणूस त्यात लिहितो, की तो ग्रॅटस नावाच्या माणसाला 105 दिनारी, म्हणजे रोमन नाणी, देणं लागतो. मालाचे पैसे, साधी उधारी.

सैनिकी वस्तू लंडनमध्येही मिळतात. पण सैनिकही बाजारात जातोच; एका बकलावरून छावणी ठरत नाही. काही जुन्या चरांवरून इथंही आधी लष्करी तळ होता, असं काही अभ्यासक मानतात. मात्र पक्का दगडी किल्ला आला तो इ.स. 120 च्या सुमारास. आधी व्यापाऱ्यांचं गाव की आधी छावणी, या दोन्ही शक्यता एकाच वेळी मनात राहू द्या. निकालाची घाई नको.

आता दोन्हीकडचा एकच थर पाहा: भाजून लाल झालेली माती. इ.स. 60-61 मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या राणी बूडिकाच्या बंडखोरांनी दोन्ही गावं जाळली. कोलचेस्टरला तेव्हा तटबंदी नव्हती. सैनिकांच्या गावाचा खंदक बुजलेला होता, व्यापाऱ्यांच्या गावाच्या वखारी भरलेल्या होत्या. आगीनं फरक केला नाही.

म्हणून गावाचं मूळ कुणी एका वाक्यात सांगितलं, तर लगेच मान डोलावू नका. पुरावा कोणत्या थरातला आहे, हे आधी विचारा.