दोन नोकऱ्या, एक करदाता

दुसरी नोकरी पत्करणाऱ्या माणसाच्या उद्योगशीलतेवर सरकार दंड बसविते, असे विधान एका विद्वान व्याख्यात्यांनी अलीकडे केले आणि सभागृहाने त्यास टाळ्यांनी अनुमोदन दिले. हे विधान जितके लोकप्रिय तितकेच निराधार आहे. आमच्या प्राप्तिकर कायद्यात दुसऱ्या नोकरीसाठी निराळा दर नाही. कायदा वर्षाची एकूण प्राप्ती पाहतो, आणि 14 लाख रुपये एका मालकाकडून आले काय किंवा दोघांकडून आले काय, कर तेवढाच. खरी पीडा दरात नाही, वसुलीत आहे.

2025-26 या वर्षाचाच हिशेब पाहा. पुण्यातील एखाद्या संगणक-अभियंत्यास एका कंपनीकडून 9 लाख व दुसरीकडून 5 लाख वेतन मिळते असे धरू. नव्या करप्रणालीतील 75 हजारांची प्रमाणित वजावट आणि 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील पूर्ण सूट या दोन्ही सवलती प्रत्येक मालक आपापल्या हिशेबात धरतो, त्यामुळे बारा महिने कोणीच छदामही कापीत नाही. विवरणपत्र भरावयाच्या वेळी दोन्ही फॉर्म 16 एकत्र येतात, करपात्र उत्पन्न 13 लाख 25 हजार ठरते, सूट समूळ जाते आणि उपकरासह 81,900 रुपये एकरकमी देणे निघते. वर आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल जुलैपर्यंतचे सुमारे 7,400 रुपये व्याज. हेच 14 लाख एका नोकरीत मिळविणाऱ्याच्या वेतनातून दरमहा 6,825 रुपये मुकाट्याने कापले गेले असते.

ॲडम स्मिथ यांनी 1776 साली कराच्या ज्या चार कसोट्या सांगितल्या, त्या आमच्या महाविद्यालयांतून इतक्या घोकल्या गेल्या आहेत की त्यांची धार कोणास जाणवेनाशी झाली आहे. समानतेची पहिली कसोटी सर्वांच्या मुखी असते. पण दुसरीस, निश्चिततेस, स्मिथ स्वतः किती महत्त्व देत होते, हे क्वचितच सांगितले जाते. करातील पुष्कळशी विषमतासुद्धा अल्पशा अनिश्चिततेइतकी अनर्थकारक नसते, असा त्यांचा सर्व राष्ट्रांच्या अनुभवावर आधारलेला निष्कर्ष होता. कारण किती द्यावयाचे आणि केव्हा द्यावयाचे हे ज्यास ठाऊक नाही, तो वसूल करणाराच्या अधीन होतो. तिसरी कसोटी सोयीची: पैसा ज्या सुमारास हाती येतो, त्याच सुमारास कर घ्यावा, जसा घरभाड्यावरील कर भाडे मिळते तेव्हा. वेतनातून कर कापण्याची पद्धती या कसोटीतूनच समर्थनीय ठरते. एका मालकाचा नोकर या दोन्ही कसोट्यांचा लाभ घेतो आणि दोन मालकांच्या नोकरास एकीचाही मिळत नाही, याचे कारण कर माणसावर बसविला आहे आणि वसुली नोकरीवर.

कायद्याने यावर तोड काढलेली आहे. 2025-26पर्यंत लागू असलेल्या 1961च्या अधिनियमाच्या 192व्या कलमाप्रमाणे नोकराने आपल्या पसंतीच्या एका मालकास दुसऱ्या वेतनाचा तपशील फॉर्म 12बीमध्ये द्यावा, म्हणजे तो एकत्रित वेतनावर कर कापील. परंतु प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करणाऱ्या 300 जणांना विप्रो या संगणक-कंपनीने नोकरीवरून कमी केल्याचे तिचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी 2022 साली जाहीर केल्यानंतर हा कागद स्वहस्ते कोण भरून देईल? दुसरीकडे काम न करण्याचा केलेला करार मोडणे मी योग्य मानीत नाही. पण तो तंटा मालक आणि नोकर यांचा आहे, आणि सरकारदेणे चुकते करण्यासाठी कोणास मालकापुढे कबुलीजबाब देण्याची पाळी येऊ नये. आगाऊ कर चार हप्त्यांत स्वतः भरण्याचा मार्ग उरतो, तो दिवसा एक आणि रात्री दुसरे काम करणाऱ्याच्या माथी हिशेबनिसाचे तिसरे काम मारतो.

येथवर मी सुस्थितांविषयी लिहिले. त्या व्याख्यात्यांचा ‘दंड’ हा शब्द मला पटतो तो तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकविणाऱ्या, एका गावाहून दुसऱ्या गावी एसटीने धावणाऱ्या प्राध्यापकांच्या बाबतीत. पूर्णवेळ जागा भरल्या जात नाहीत म्हणून ते अनेक ठिकाणी काम करतात. त्यास उद्योगशीलता म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्यांचे मानधन पुष्कळदा वेतन न समजता व्यावसायिक शुल्क समजले जाते, आणि एका संस्थेकडून वर्षाकाठी 50 हजारांहून अधिक मिळाले की 10 टक्के कापले जातात, मग साऱ्या संस्थांची प्राप्ती मिळूनही कर लागू होत नसला तरी. बँकेच्या व्याजावरील कपात टाळण्यास घोषणापत्राचा फॉर्म आहे. या मानधनास तो चालत नाही. अल्प कपातीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून मिळविता येतो, पण त्याची यातायात परवडत नाही म्हणून बहुतेक जण विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहतात. जे देणे नव्हतेच ते आधी द्यावयाचे आणि मग मागत बसावयाचे, हा निःसंशय दंड आहे.

ब्रिटनमध्ये 1944पासून चालत आलेल्या पद्धतीत कर-कार्यालयच प्रत्येक नोकरीसाठी संकेतांक ठरविते: करमुक्त मर्यादा सामान्यतः एका नोकरीत धरली जाते, दुसरीवर बहुधा सरसकट 20 टक्के कापले जातात, आणि दुसरा मालक कोण हे संकेतांकावरून कळत नाही. आपल्याकडे प्रत्येक मालक दर तिमाहीस पॅनसह कपातीचे विवरण खात्याकडे धाडतो. दोन्ही वेतने खात्याच्या दफ्तरी एकाच नावाखाली जमा असतात. तरीही 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या अधिनियमाने कलमे घटविली, भाषा सोपी केली आणि प्रत्येक मालकाने आपल्यापुरता हिशेब करण्याची रीत तशीच ठेवली. करदात्याने मागणी करताच खात्याने स्वतः एकत्रित हिशेब करून कपातीचा दर ठरवावा, दुसऱ्या मालकाचे नाव न घेता तो प्रत्येक मालकास कळवावा, आणि ज्या तासिका-प्राध्यापकावर कर लागूच होत नाही त्याच्या महाविद्यालयांना शून्य दराचा हुकूम सत्र सुरू होण्यापूर्वी पोहोचवावा.