गृहस्थाची परसबाग आणि अहिंसा

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांमध्ये अहिंसेची गणना केली आहे. परंतु ज्याच्या परसात चार झाडे आहेत, त्या गृहस्थाला वर्षभर कीटकांशी झगडावे लागते. रायपूरकडे घरच्या अशा बागेस ‘बाडी’ म्हणतात. तेथे पावसाळ्यात लिंबाच्या रोपावर अळ्या दिसतात, मार्गशीर्ष-पौषात आंब्याच्या खोडावरून पिठ्या ढेकणाची पिले चढू लागतात आणि माघात मोहोरावर तुडतुडे बसतात. अळी मारावी तर हिंसा घडते. न मारावी तर रोप जाते. अशा वेळी गृहस्थाने काय करावे?

मनुस्मृतीत चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. आपण सर्वथा निर्दोष आहो, असा भ्रम स्मृतिकारांनी गृहस्थाला बाळगू दिला नाही. तथापि त्याला चूल विझविण्यासही सांगितले नाही. त्याच्यामागे पंचमहायज्ञांचा नित्यनेम लावून दिला आणि त्यांतील भूतयज्ञात जीवमात्राचा वाटा काढून ठेवावयास सांगितले.

गीता याच्या आणखी खोलात जाते. अठराव्या अध्यायात परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस म्हटले आहे. भाषांतर करणाऱ्याने तेथील ‘अनपेक्ष्य’ या पदापाशी क्षणभर थांबावे. त्यात ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातू आहे. हिंसा घडली एवढ्यानेच कर्म तामस होत नाही. ती पाहण्याचे टाळले म्हणजे होते.

आता ही कसोटी बागेस लावून पाहू. मोहोर पूर्ण फुलला असता जो विषारी औषध फवारतो, त्याच्या हातून तुडतुड्यांबरोबर परागकण वाहणाऱ्या माश्या आणि मधमाश्याही मरतात, आणि ज्या फळासाठी हा खटाटोप केला तेच घटते. मावा खाऊन रोपाचे रक्षण करणाऱ्या ठिपकेदार भुंगेऱ्याची अळी काळसर व काटेरी दिसते. न पाहणारा तिलाच शत्रू समजून चिरडतो. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर अनेक वर्षे आकाशातून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील घराघरांतून व्याधिग्रस्त मुले दिसू लागली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या विषावर देशभर बंदी घातली. माणसांस पीडा द्यावी असा कोणाचा हेतू नसेल. परंतु खाली काय पडते आहे, हे वेळीच पाहिले गेले नाही.

पाहणाऱ्याची रीत निराळी असते. लिंबाची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, पुढे हिरवी दिसते आणि शेवटी तिचेच फुलपाखरू होते. मोठे झाड तिचा उपद्रव सोसते. भय असते ते कोवळ्या रोपास. रोपावरील अळ्या हाताने उचलून मोठ्या कढीपत्त्यावर वा बेलावर सोडाव्यात. तेही त्यांचे अन्नच आहे. गृहस्थाचा हा भूतयज्ञच होय. पिठ्या ढेकणासाठी उन्हाळ्यात आंब्याभोवतीची माती उकरून अंडी उन्हास उघडी करावीत आणि पिले चढण्यापूर्वी खोडास २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीचा प्लॅस्टिकचा पट्टा बांधून त्यावर ग्रीस लावावे. वर चढू न शकलेली पिले उपाशी मरतात. म्हणून या उपायास कोणी अहिंसा म्हणू नये. परंतु ही हिंसा मोजलेली आहे. ती त्या झाडापुरती राहते, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडते.

छत्तीसगढात हरेलीच्या अमावास्येस, म्हणजे आपल्या आषाढी अमावास्येस, शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पूजतात आणि दारी कडुनिंबाची डहाळी लावतात. ज्या अवजाराने माती उलथताना असंख्य जीव दुखावतात, त्याच्यापुढे ते वर्षातून एकदा हात जोडतात. परसबाग राखणाऱ्याने तोच भाव नित्य मनी धरावा. फवाऱ्याची दांडी हाती घेण्यापूर्वी पान उलटावे, कोण बसले आहे ते पाहावे, किती नुकसान सोसता येईल ते ठरवावे, आणि मगच आवश्यक तेवढे करावे. जो एवढे पाहतो, त्याच्या हातून हिंसा घडली तरी ती सहसा गरजेपलीकडे जात नाही.