कडेवरचे मूल आणि मंडळीचे दार

आमच्या खेड्यांतील उपासनामंदिरे रविवारी दोनतीन तास उघडी असतात, व पुढे बहुधा आठवडाभर त्यांस कुलूप असते. म्हणून एखाद्या मंडळीत असा बेत निघाला की, आठवड्यातून एके सकाळी मंदिराशेजारची खोली उघडावी, सतरंज्या अंथराव्या, आणि तीन वर्षांच्या आतील लेकरांनी आपल्या आईबरोबर, आजीबरोबर, किंवा जो कोणी त्यांस सांभाळतो त्याच्याबरोबर येऊन खेळावे, तर तो ऐकून कोणासही आनंदच व्हावा. परंतु पंचांच्या सभेत तो मांडला म्हणजे तीन प्रश्न हटकून निघतात. सतरंजी कोण धुणार? मुलांत आपली किती व बाहेरची किती? आणि त्यापासून मंडळीची वाढ काय होणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर साबण व पाणी हे आहे. दुसरा व तिसरा हे मुळात एकच आहेत, आणि त्यांच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: ज्या उपकारामागे अपेक्षा असते त्यास उपकार म्हणावे काय?

लोकांनी बालकांस प्रभूकडे आणिले, हा मार्काच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपणांस पाठ आहे. आपण त्यात बालकांकडे पाहतो, आणणारांकडे पाहत नाही. लूक त्याच ठिकाणी तान्ह्या मुलांचा शब्द योजितो. म्हणजे ती आपल्या पायांनी आली नव्हती, कोणीतरी त्यांस उचलून आणिले होते. शिष्य रागे भरले ते या आणणारांवर. त्यांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. गुरूस काम फार, आणि कडेवरच्या मुलास उपदेश काय कळणार? तथापि प्रभूस राग आला तो शिष्यांचा. त्याने मुलांस कवेत घेतले व आशीर्वाद दिला. पुढे त्या माणसांचे काय झाले, त्यांतून किती शिष्य निघाले, हे एकाही शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. आम्हांस हे मौन मोठे अर्थपूर्ण वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग मंडळीने आशाच सोडावी काय? तसे नव्हे. ज्या विहिरीचे पाणी आपणांस गोड लागले ते शेजाऱ्यानेही प्यावे, अशी इच्छा धरण्यात दोष नाही. ती इच्छा नाहीच असे म्हणणे मात्र खोटे होईल. परंतु आशा निराळी आणि वसुली निराळी. पैसा देताना सावकारही हसतमुख असतो. एखादी आजी वर्षभर नातवास घेऊन खोलीत येते, आणि रविवारी एकदाही येत नाही, असे समजा. वर्षाअखेर तिची बसावयाची जागा पूर्वीचीच राहिली काय? आपल्या मुलांच्या आधी तिच्या नातवाने बाहुली उचलली तर कोणाच्या कपाळास आठी पडली काय? पडली असेल, तर आपण खोली उघडली नव्हती, दुकान मांडले होते. हल्ली गावोगाव आमिषाचा संशय बोलला जातो. त्या भयाने नव्हे, तर सत्यासाठी आमचे मत असे की, पहिल्याच दिवशी सर्वांस स्पष्ट सांगावे: येथे प्रार्थनेस बसण्याची अट नाही. शास्त्रातील गोष्ट सांगावयाची तर ती आधी कळवून, व ज्यास उठून जावयाचे त्यास वाट ठेवून सांगावी. खाऊ वाटावयाचा तर सर्वांस सारखा, नाही तर मुळीच नको.

असे काम नवे नाही. फ्रान्सच्या पूर्वेस व्होज पर्वतातील वाल्डर्सबाख या दरिद्री खेड्यात योहान फ्रेडरिक ओबरलिन हे १७६७ पासून १८२६ पर्यंत पाळक होते. रस्ते व पूल बांधणारा पाळक अशी त्यांची ख्याती आहे. परंतु लहान मुलांस गोळा करून विणकाम शिकविण्याचे काम त्या खोऱ्यात सारा बांझे नावाच्या तरुणीने आपल्या घरी आधीच आरंभिले होते. ओबरलिन यांनी त्याचे मोल ओळखले, खोल्या भाड्याने घेतल्या, शिकविणाऱ्या बायांस वेतन दिले. आणि त्यांच्या घरी लहानपणी कामास आलेली लुईझ शेप्लर हिने ते पुढे कित्येक वर्षे चालविले. लोकांच्या तोंडी नाव राहिले ते पाळकाचे. असे बहुधा होते. पुढे १९६१ साली लंडनच्या बेल टुटेव या आईने ‘गार्डियन’ पत्रात लिहिले की, बालशाळा पुरेशा नाहीत तर मातांनी स्वतःच खेळगट काढावे. १९६२ त त्यांचा संघ झाला. त्यांतील अनेक गट चर्चच्या सभागृहांत भरत, जरी पुष्कळ ठिकाणी चर्चचा संबंध भाडे घेण्यापुरताच होता. मुलासाठी आलेल्या बायकाच तेथे हळूहळू हिशेब ठेवू लागल्या व सभा चालवू लागल्या.

आमच्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीने मोठे काम केले आहे, आणि मंडळीने तिच्याशी चढाओढ करू नये. परंतु तेथे रोज बसून शिकणे हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे. त्याहून लहानाचे वजन होते, त्याच्या घरी शिधा जातो. त्यास सांभाळणारीने घटकाभर कोठे टेकावे, हा प्रश्न राहतोच. अहिल्यानगर व बीड जिल्ह्यांतील पुष्कळ माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात. काही लेकरे आईबापांबरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. साठी उलटलेली बाई, दुखरे गुडघे, कडेवर दीड वर्षाचे पोर, आणि हे चार-पाच महिने. बाई, तू जेवलीस काय, असे तिला कोण विचारतो? मूल आपडी-थापडी खेळते तोवर ती भिंतीस टेकून दुसरीशी चार शब्द बोलली, तर आमच्या मते त्या सकाळीचे सार्थक झाले. खेळणी थोडी असली तरी चालेल. पत्र्याचे डबे, लाकडी ठोकळे, चिंध्यांची बाहुली पुरे (चिंचोके व मणी नकोत, मुले गिळतात). पाठ टेकावयास जागा व प्यावयास पाणी मात्र असावे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती आम्हांस सर्वांत अवघड वाटते. मूल घेऊन येणारी कधी कधी नऊदहा वर्षांची बहीणच असते. नदीकाठी मोशेच्या पेटाऱ्यावर लक्ष ठेवणारी त्याची बहीण आपण कौतुकाने आठवतो. पण ती संकटाची एक घडी होती, रोजची चाकरी नव्हती. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क आहे असा २००९ चा कायदा आहे. तिला आम्ही प्रेमाने बसवून घेतले तर तिचे शाळेबाहेर राहणे आम्हीच सुखाचे केले. परत पाठविले तर ती मूल घेऊन घरी बसेल, एवढेच. आम्हांस वाटते की, शाळेची घंटा होण्यापूर्वी मंडळीतील एखाद्या बाईने ते मूल आपल्या मांडीवर घ्यावे, मुलीस शाळेत धाडावे, आणि त्याच सायंकाळी तिच्या घरच्यांची गाठ घ्यावी. एका दिवसाने बाकीचे दिवस सुटत नाहीत, हे उघड आहे. म्हणून ज्या मंडळीस हा बेत करावयाचा तिने सतरंज्या मोजण्यापूर्वी हे मोजावे की, अशा मुलीच्या हातचे मूल रोज शाळेच्या वेळी घेण्यास किती जणी तयार आहेत. दोघीतिघी निघाल्या तर पुढल्या बुधवारीच खोली उघडावी. किल्ली बहुधा पाळकाकडेच असते.